स्थूलता आणि शस्त्रवैद्य

इ. स. ९५८ सालीं स्पेनमधील लेऑन येथील सरदारांनीं आपल्या राजाला गादीवरून खालीं उतरविलें. त्याचा एक मोठा अपराध असा कीं, तो अतोनात लठ्ठ होता. सांचो त्याचें नांव. त्याला घोड्यावर बसणेंहि साधत नसे, असें सांगतात. त्याची आजी, नव्हारची राणी तोदा, ही मोठी खटपटी बाई. तिनें नातवाला थेट कॉर्डोव्ह्याच्या खलिफाकडे, म्हणजे कालपर्यंतच्या शत्रूकडे, नेलें. खलिफाच्या दरबारीं हसदाई इब्न शप्रूत नांवाचा यहुदी वैद्य होता. त्याच्या उपचारानें राजा रोडावला आणि ९६० सालीं पुन्हां सिंहासनावर बसला. वैद्यानें राजाचे ओठ शिवून टाकले आणि त्याला केवळ पातळ काढ्यांवर ठेवलें, अशी एक दंतकथा या हकीकतीस जोडली गेली आहे. ती खरी असो वा नसो, तिच्या पोटीं असलेली समजूत मात्र फार जुनी आहे. लठ्ठपणाचें मूळ तोंडांत आहे; तोंड बंद करा, म्हणजे रोग संपला, ही ती समजूत.

श्रोतेहो, या समजुतीपासून आपणहि फारसे दूर नाहीं. लहान मूल बाळसेदार असलें तर ‘खात्यापित्या घरचें’ म्हणून आपण त्याचें कौतुक करतों. तेंच मूल मोठेपणीं लठ्ठ राहिलें तर त्याला आळशी आणि खादाड ठरवितों. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आठ निंद्य शरीरप्रकार सांगितले आहेत, त्यांत अतिस्थूलाची गणना आहे. अतिभोजन, व्यायामाचा अभाव, दिवसां झोंप हीं कारणें तेथें दिलींच आहेत. परंतु त्यांच्याच पंक्तीला ‘बीजस्वभाव’ हेंहि एक कारण बसविलें आहे. आपण निंदा तेवढी लक्षांत ठेवली आणि बीज विसरलों. विसाव्या शतकांतील शस्त्रवैद्यांनींहि प्रारंभीं तेंच केलें. मात्र त्यांच्याच शस्त्रानें पुढें ती समजूत कशी कापली गेली, हें आज मी आपणांस सांगणार आहें.

पहिला प्रयत्न अगदीं सरळ होता. चरबी नको ना, मग ती कापून काढा. १८९९ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें हॉवर्ड केली या शस्त्रवैद्यानें एका रुग्णाच्या पोटावरील लोंबणारी चरबी व कातडी कापून काढली. ओझें हलकें झालें. परंतु ज्या व्यवस्थेनें ती चरबी सांठविली होती, ती व्यवस्था जशीच्या तशी राहिली. घरांत पाणी शिरलें असतां तें उपसावें आणि गळका नळ तसाच ठेवावा, तशांतला हा प्रकार होता.

नळाकडे लक्ष गेलें तें १९५४ सालीं. मिनेसोटा विद्यापीठांतील क्रेमेन, लिनर व नेल्सन यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून, लहान आंतड्याचा कोणता भाग काढला असतां पोषण किती घटतें, याचा शोध घेतला. माणसाचें लहान आंतडें सुमारें वीस फूट लांब असतें आणि अन्नरस मुख्यतः तेथेंच शोषला जातो. तेव्हां अन्नाला एखाद्या जवळच्या वाटेनें पुढें काढून दिलें, तर खाल्लेलें अंगीं लागणार नाहीं, असा तर्क निघाला. १९५६ पासून लॉस एंजेलिस येथें पेन व डीविंड यांनीं तो अतिस्थूल रुग्णांवर अजमावला. त्यांनीं लहान आंतड्याचा आरंभीचा भाग एकदम मोठ्या आंतड्याला जोडला. वजन झपाट्यानें उतरलें. पण जुलाब थांबेनात, शरीरांतील क्षार वाहून जाऊं लागले आणि बहुतेकांची जोडणी पुन्हां पूर्ववत् करावी लागली. मग त्यांनीं बेत बदलला. आरंभीचें चौदा इंच आंतडें शेवटच्या चार इंचांना जोडावयाचें आणि मधलें सगळें वगळावयाचें, अशी त्यांची रीत १९६९ सालीं प्रसिद्ध झाली आणि पुष्कळ ठिकाणीं उचलली गेली. तिचींहि फळें कडूच निघालीं. कोणाला मूतखडे झाले, कोणाचे सांधे धरले, कोणाचें यकृत निकामी झालें. रुग्ण रोड झाला, परंतु निरोगी झाला नाहीं. पुढें ही शस्त्रक्रिया वैद्यांनीं टाकून दिली. पण तिचा धडा ज्यांच्या शरीरावर गिरविला गेला, त्यांचें स्मरण आपण ठेवलें पाहिजे.

दुसरी वाट आयोवा विद्यापीठांतील एडवर्ड मेसन यांनीं दाखविली. जठरव्रणामुळें ज्यांचें अर्धेअधिक जठर काढावें लागे, त्यांचें वजन पुन्हां सहसा वाढत नाहीं, हें त्या काळच्या शस्त्रवैद्यांना ठाऊक होतें. मेसन यांनीं या अनुभवाचा उपयोग केला. १९६६ सालीं चिकाशी इतो यांच्या साह्यानें त्यांनीं जठराच्या वरच्या भागाची एक लहानशी पिशवी निराळी केली आणि ती आंतड्याला जोडली. पिशवी लहान, म्हणून चार घांसांतच पोट भरतें, असा त्यामागील साधा हिशेब होता. ही शस्त्रक्रिया अनेक फेरफार होऊन आजहि चालू आहे. परंतु सांचोची दंतकथाहि मेली नव्हती. १९७० नंतरच्या दशकांत कांहीं वैद्यांनीं लठ्ठ माणसांचे जबडे तारेनें बांधून टाकले. तार होती तोंवर वजन घटलें. तार निघाली आणि गेलेलें वजन बहुधा परत आलें.

शस्त्र कोणावर चालवावें, याला कांहीं मर्यादा हवी होती. वजनाचे किलोग्रॅम घेऊन त्यांना उंचीच्या मीटरांच्या वर्गानें भागावयाचें, ही रीत केत्ले या बेल्जियन गणितज्ञाची, एकोणिसाव्या शतकांतली. १९९१ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें भरविलेल्या परिषदेनें तोच अंक प्रमाण धरला. तो ४० वा अधिक असेल तर, किंवा ३५ असून सोबत मधुमेहासारखा गंभीर विकार असेल तर, शस्त्रक्रियेचा विचार करावा, असें ठरलें. साडेपांच फूट उंचीच्या माणसास ४० म्हणजे सुमारें ११२ किलोग्रॅम. पुढें दोनतीन वर्षांतच या शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊं लागल्या, मोठी चीर टळली आणि धोका पुष्कळच कमी झाला.

यानंतर मात्र कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें असें कांहीं घडलें. नॉर्थ कॅरोलायनामधील वॉल्टर पोरीज यांनीं १९९५ सालीं आपल्या ६०८ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील १४६ जणांना मधुमेह होता. पैकीं १२१ जणांची रक्तशर्करा पूर्ववत् झाली. विशेष हें कीं, हा पालट कित्येकांत थोड्याच दिवसांत, वजन उतरण्याच्या कितीतरी आधीं दिसला. पोट लहान झालें एवढ्यावरून याचा उलगडा होईना. जठर म्हणजे नुसती पिशवी आणि आंतडें म्हणजे नुसती नळी, ही कल्पनाच अपुरी ठरली.

उलगडा हळूहळू झाला. १९९९ सालीं जपानांत कोजिमा, कांगावा व त्यांचे सहकारी यांनीं जठरांत उत्पन्न होणारें ‘घ्रेलिन’ नांवाचें द्रव्य शोधून काढलें. तें रक्तावाटे मेंदूपर्यंत भुकेचा सांगावा पोहोंचवितें. २००२ सालीं अमेरिकेंत कमिंग्ज व त्यांचे सहकारी यांना असें आढळलें कीं, उपासानें वजन घटविलेल्या माणसांत घ्रेलिन वाढतें. मेसन यांच्या वाटेनें शस्त्रक्रिया झालेल्यांत मात्र तें फार कमी असतें. अर्थ उघड होता. लठ्ठ माणूस निश्चयानें कमी खाऊं लागला कीं त्याचेंच शरीर त्याच्याविरुद्ध उठतें, भूक वाढवितें आणि गमावलेलें वजन परत मागतें. तृप्तीचा निरोप देणारीं द्रव्येंहि आंतड्यांत सांपडलीं. शस्त्रक्रियेनंतर जेवणामागून त्यांतील कांहीं अधिक स्रवतात. शस्त्रवैद्य आपण गवंड्याचें काम करीत आहों असें समजत होता. त्यानें बदलली होती ती टपालाची व्यवस्था!

या उपचारानें आयुष्य वाढतें काय, हा प्रश्न उरला होता. स्वीडनमध्यें १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि न झालेले २,०३७ अशा स्थूल रुग्णांची नोंद ठेवली गेली. सरासरी सुमारें अकरा वर्षांच्या नोंदी पाहून २००७ सालीं निष्कर्ष निघाला: पहिल्यांत १०१ मृत्यु, दुसऱ्यांत १२९. फरक डोळे दिपविणारा नाहीं; पण तो खरा आहे.

आपल्यापुरता या इतिहासाचा एक धागा पुण्याशीं येऊन मिळतो. २००४ सालीं डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनीं आपलेंच छायाचित्र ‘लॅन्सेट’ पत्रांत छापलें. केत्लेच्या रीतीनें दोघांचा अंक एकच, २२.३, पण शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसावयास बारीक, परंतु आंतून मेदस्वी, अशी आपल्याकडील पुष्कळांची घडण आहे. म्हणूनच २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत ही मर्यादा सर्वसाधारणपणें ३५, पण आशियाई लोकांसाठीं २७.५ इतकी खालीं आणली आहे.

याचा अर्थ शस्त्र म्हणजे रामबाण, असा नव्हे. शस्त्रक्रियेनंतर जन्मभर जीवनसत्त्वें आणि लोह यांची काळजी वाहावी लागते, आहार सांभाळावा लागतो, आणि कांहींचें वजन पुन्हां वाढतें. शस्त्रानें उघड केलेल्या त्या निरोपांपैकीं एकाची नक्कल करणारीं औषधेंहि आतां आलीं आहेत. त्यांतील सेमाग्लुटाइडला अमेरिकेंत २०२१ सालीं स्थूलतेसाठीं मान्यता मिळाली. उद्यां कदाचित् पुष्कळांना शस्त्राची गरजहि उरणार नाहीं.

परंतु या सत्तर वर्षांच्या खटाटोपानें जें शिकविलें, तें त्यामुळें जुनें होत नाहीं. ज्याला आपण दुबळें मन म्हणत होतों, तें पुष्कळ अंशीं बलवान् शरीर होतें. सांचोच्या सरदारांना हें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. आपल्याला मात्र आतां ठाऊक झालें आहे. घरांतलें एखादें माणूस ताटावर बसलें असतां त्याच्या पोळ्या मोजण्यापूर्वीं एवढें आठवावें, इतकीच विनंति.