पट्टा किंचाळतो तेव्हा

थंडीच्या दिवसांत पहाटे एखादा मालट्रक सुरू होताना आपण ऐकला असेल. इंजिन धडधडू लागते आणि त्याच क्षणी बॉनेटखालून कानठळ्या बसवणारी एक किंकाळी येते. काही सेकंदांनी ती आपोआप थांबते, किंवा थांबतही नाही. मग क्लीनर इंजिन बंद करायला लावतो, बॉनेट उघडतो आणि पंख्याजवळच्या काळ्या पट्ट्याला, म्हणजे फॅन बेल्टला, मधोमध अंगठ्याने दाबून पाहतो. "ढिला झालाय," एवढाच निर्णय. पान्याने दोन बोल्ट सैल होतात, पहारीने अल्टरनेटर थोडा मागे रेटला जातो, बोल्ट पुन्हा आवळले जातात. किंकाळी बंद!

ही पाच मिनिटांची गोष्ट झाली. पण अंगठ्याने दाबून ताण ओळखणे या साध्या कृतीमागे सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात गणिती आहेत, गिरण्या आहेत, कामगारांचे तुटलेले हातही आहेत. पट्टा नेमका किती ताणावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा कधीच नव्हता. तो प्रश्न कसा सुटत गेला, ते या लेखात पाहू.

खुंट्याला गुंडाळलेला दोर

पट्ट्याला दाते नसतात. साखळी किंवा दंतचक्र एकमेकांत अडकून फिरते, पट्टा मात्र कप्पीला (गॅरेजच्या भाषेत पुलीला) केवळ घर्षणाने धरून ठेवतो. चरख्याच्या मोठ्या चाकावरून चातीकडे जाणारा दोर याच तत्त्वावर चालतो. बंदरावर होडी बांधणारा खलाशी खुंट्याभोवती दोराचे दोनतीन वेढे देतो आणि दोराचे टोक सहज हातात धरून जड होडी रोखतो. तेथेही घर्षणच कामाला येते.

हे वेढे किती बळ देतात याचे गणित लेओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने मांडले. त्याचा लेख बर्लिनच्या अकादमीच्या ग्रंथात १७६९ मध्ये छापला गेला. त्याने दाखवले की दोराच्या दोन टोकांच्या ताणांचे गुणोत्तर दोन गोष्टींवर ठरते : घर्षणांक किती आणि दोर किती कोनातून गुंडाळला आहे. खुंटा जाड की बारीक, याचा त्या गुणोत्तराशी संबंध नाही. घर्षणांक ०.३ धरला तर अर्ध्या वेढ्याला हे गुणोत्तर सुमारे २.६ येते, एका पूर्ण वेढ्याला सुमारे ६.६, दोन वेढ्यांना ४३ आणि तीन वेढ्यांना २८० च्या पुढे. वेढे बेरजेने वाढतात, पकड मात्र गुणाकाराने वाढते.

पट्ट्याला मात्र वेढे घेता येत नाहीत. तो कप्पीला साधारण अर्धाच वेढा घालतो आणि लहान कप्पीवर तर त्याहूनही कमी. म्हणून पट्ट्याच्या एका बाजूचा ताण दुसरीच्या जेमतेम अडीचपट होऊ शकतो. त्याहून अधिक ओढ मागितली की पट्टा घसरतो. या अडीचपटीचे भान ठेवले की पुढचा सगळा इतिहास समजतो.

गिरणीतले चामडी पट्टे

इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या कापड गिरण्यांत पाणचक्कीची किंवा वाफेच्या इंजिनाची शक्ती लोखंडी दंतचक्रे आणि जड शाफ्ट यांच्याद्वारे मजल्यामजल्यांवर नेली जाई. अमेरिकेत लोवेल येथील ॲपलटन गिरणीत पॉल मूडी याने १८२८ मध्ये या मुख्य दंतचक्रांच्या जागी चामड्याचे रुंद पट्टे लावले. पट्टे आवाज कमी करत, धक्के सोसत आणि शाफ्ट अधिक वेगाने फिरवू देत. हळूहळू कारखान्याचे एक ठरावीक दृश्य तयार झाले : छताखाली लांबच लांब फिरणारा लाइन शाफ्ट, त्यावर ओळीने कप्प्या आणि प्रत्येक कप्पीवरून खालच्या यंत्राकडे उतरणारा एक पट्टा.

ब्रिटिश गिरण्यांनी वेगळी वाट धरली. १८७० नंतर लँकेशायरमध्ये इंजिनाच्या प्रचंड चाकावर इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराच्या खाचा पाडून त्यांत सुती दोर बसवण्याची पद्धत पसरली. दोर खाचेत पाचरीसारखा रुतून बसे. एखादा दोर तुटला तरी बाकीचे काम चालू ठेवत आणि तुटलेला दोर सुट्टीच्या वेळी बदलता येई. ही 'पाचर' लक्षात ठेवू, कारण पुढे ट्रकच्या इंजिनात तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत ताडदेवला कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली. पुढे उभ्या राहिलेल्या गिरण्यांची यंत्रे बहुतांशी लँकेशायरहूनच येत, आणि त्यांच्याबरोबर शाफ्ट, पट्टे व त्यांचे धोकेही आले. चालत्या पट्ट्यात सदरा किंवा धोतराचा सोगा अडकला तर माणूस क्षणात वर ओढला जाई. भारतातला पहिला कारखाने कायदा १८८१ चा. मुलांच्या कामाच्या तासांवरील मर्यादेमुळे तो आपल्याला ठाऊक असतो, पण धोकादायक यंत्रांना कुंपण घालावे अशी तरतूदही त्यात होती. १९४८ च्या कायद्याने तर याबाबत फार बारकाईने लिहिले. चालत्या यंत्राजवळचे असे काम फक्त अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या, खास प्रशिक्षण घेतलेल्या कामगारानेच करावे. आणि सुमारे १५ सेंटिमीटरहून रुंद पट्ट्याला फिरत्या कप्पीवर त्यानेही हात लावू नये. कायद्यातल्या अशा प्रत्येक ओळीमागे कोणाचा तरी हात गेलेला असतो.

घट्ट की सैल?

पट्टा घसरू लागला की कामगार दोन उपाय करत : पट्टा कापून आखूड शिवणे, नाही तर त्यावर राळ टाकणे. राळेने घर्षण वाढते, पण कालांतराने पट्ट्याचा पृष्ठभाग कडक आणि गुळगुळीत होऊन तो पुन्हा घसरतो. आखूड शिवलेला पट्टा काही दिवस छान चालतो, पण तो शाफ्टला सतत ओढत राहतो. त्यामुळे बेअरिंगे तापतात, झिजतात, आणि पट्टाही लवकर तुटतो.

पट्टा न घसरताही मागची कप्पी किंचित हळू फिरते, हे ऑसबोर्न रेनॉल्ड्स या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८७४ मध्ये स्पष्ट केले. पट्टा लवचीक असतो. ताणाच्या बाजूला तो थोडा लांबतो, सैल बाजूला आखडतो, आणि हा बदल कप्पीवरून जातानाच होतो. त्यामुळे पट्टा कप्पीवर मुंगीच्या पावलांनी सरकत असतो. हे सरकणे निमूट असते, अटळ असते आणि निरुपद्रवी असते. संपूर्ण पट्टाच निसटणे ही वेगळी गोष्ट. किंकाळी येते ती या दुसऱ्या प्रकारात.

फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर याने नऊ वर्षे पट्ट्यांच्या नोंदी ठेवल्या. कोणता पट्टा केव्हा ताणला, केव्हा तुटला, दुरुस्तीला किती खर्च आला, हे सारे लिहून त्याने १८९३ मध्ये अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचला. त्याचा निष्कर्ष त्या काळच्या समजुतीच्या उलट होता. अरुंद पट्टा करकचून ताणण्यापेक्षा रुंद पट्टा बेताच्या ताणाने चालवणे शेवटी स्वस्त पडते, कारण खरा तोटा पट्ट्याच्या किमतीत नसून काम बंद पडण्यात असतो. शिवाय ताण अंदाजाने न ठरवता स्प्रिंगच्या तराजूने मोजून, ठरावीक काळाने पुन्हा तपासावा, असे त्याने सांगितले. पुढे हातात घड्याळ घेऊन कामगारांच्या हालचाली मोजण्याबद्दल टेलरवर भरपूर टीका झाली आणि ती रास्तही होती. पण पट्ट्यांच्या बाबतीत त्याच्या वहीने अंगठ्याच्या अंदाजाला आकड्यांची जोड दिली, हे मान्य करावे लागते.

पाचर इंजिनात येते

मोटारीत लांबलचक शाफ्टला जागा नव्हती. कप्प्या लहान, जवळजवळ आणि इंजिनाचा वेग मोठा. फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीत पंखा फिरवायला सपाट पट्टाच होता. तो घसरला तरी फारसे बिघडत नसे, कारण त्या गाडीचे पाणी पंपाशिवाय, गरम पाणी वर चढते या तत्त्वाने फिरे. पुढे पाण्याचे पंप रूढ झाले. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीपासून विजेचा स्टार्टर आला आणि बॅटरी भरायला डायनॅमोही लागला. पट्ट्यावरचा भार वाढला आणि अडीचपट पकड अपुरी पडू लागली.

१९१७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे जॉन गेट्स याने रबर आणि सुती धागे यांचा, पाचरीच्या छेदाचा व्ही-पट्टा तयार केला. लँकेशायरच्या दोराचीच ही कल्पना, पण रबरात उतरलेली. पाचरीने काय साधले, ते आकड्यांत पाहू. खाचेच्या दोन भिंतींत ३८ अंशांचा कोन असेल तर पट्टा भिंतींवर इतक्या जोराने दाबला जातो की ०.३ हा घर्षणांक जणू ०.९२ होतो. अर्ध्या वेढ्याला ताणांचे गुणोत्तर २.६ वरून सुमारे १८ वर जाते! समजा, स्थिर असताना पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना २० किलोग्रॅम ताण आहे. सपाट पट्टा घसरण्यापूर्वी जास्तीत जास्त साडेसतरा किलोची ओढ देईल, तर व्ही-पट्टा जवळजवळ ३६ किलोची. शाफ्टवरचा भार तेवढाच, काम दुप्पट.

१९७९ च्या फोर्ड मस्टँग गाडीत पुढचा टप्पा आला. रुंद, पातळ आणि आतून उभ्या कण्या असलेला एकच लांब पट्टा सगळ्या कप्प्यांवरून नागमोडी फिरू लागला, आणि स्प्रिंगची एक कप्पी त्याला सतत ताणून धरू लागली. टेलरचा तराजू जणू इंजिनातच जाऊन बसला.

किंकाळीचा अर्थ

घसरणारा पट्टा ओरडतो का? सारंगीचा गज तारेवर ओढताना तार गजाला चिकटते, ओढली जाते, सुटते, पुन्हा चिकटते. सेकंदात शेकडो वेळा हे घडते आणि सूर उमटतो. या 'चिकट-सुट' घर्षणाचा सूक्ष्म अभ्यास बोडन आणि लेबेन यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. पट्ट्याचे रबर कप्पीवर असेच अडखळत घसरले की किंकाळी उमटते. गंमत अशी की सारंगीवाला गजाला राळ लावतो ती सूर निघावा म्हणून, आणि गिरणीत पट्ट्याला राळ लावत ती घसरण थांबावी म्हणून!

पहाटेच आवाज येतो, कारण थंडीत रबर कडक असते, दव पडलेले असते आणि स्टार्टरने बॅटरीतली वीज नुकतीच खर्च केल्याने अल्टरनेटरवर मोठा भार असतो. त्यात अल्टरनेटरची कप्पी लहान, म्हणजे वेढा कमी. ऑयलरच्या सूत्रानुसार आधी घसरायचे ते तिथेच.

पण प्रत्येक आवाजावर 'आवळा' हा उपाय नाही. व्ही-पट्टा झिजून खाचेच्या तळाला टेकला की पाचर संपते. भिंतींवरचा दाब जातो आणि तो पुन्हा मूडीच्या काळचा सपाट पट्टा होतो. खाचेचा तळ चकचकीत दिसला तर हेच घडले असे समजावे. मग कितीही ताणला तरी व्यर्थ, पट्टा बदलायलाच हवा. जोडीने चालणारे दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदलावेत, नाही तर नवाच सगळा भार उचलतो. तुटकतुटक चिवचिव होत असेल तर बहुधा कप्प्या एका रेषेत नसतात. कण्यांच्या पट्ट्यावर थोडे पाणी शिंपडून अनुभवी मेकॅनिक हा फरक ओळखतात : आवाज क्षणभर थांबला तर रेषेचा दोष, वाढला तर ताणाचा.

ताण मात्र खरोखर कमी असेल तर इंजिन बंद करून, किल्ली काढून, बोल्ट सैल करून तो वाढवावा. व्ही-पट्ट्यासाठी रूढ प्रमाण असे : दोन कप्प्यांमधल्या मोकळ्या लांबीच्या दर १०० मिलिमीटरमागे सुमारे १.६ मिलिमीटर दबावा. किती जोराने दाबायचे ते निर्मात्याच्या पुस्तिकेत असते. नवा पट्टा थोडा चालल्यावर खाचेत बसतो आणि सैल होतो, म्हणून तो पुन्हा तपासावा. सैल पट्ट्याने पाण्याचा पंप मंदावून भर घाटात इंजिन तापते, आणि अति घट्ट पट्ट्याने त्याच पंपाचे बेअरिंग जाते. दोन्ही चुकांचा शेवट एकच.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. गुळगुळीत आडव्या काठीवरून दोरी टाका. एका टोकाला १०० ग्रॅमचे वजन, दुसऱ्याला स्प्रिंगचा तराजू. अर्धा, दीड आणि अडीच वेढे देऊन वजन सावकाश वर ओढा आणि दर वेळचा आकडा लिहा. प्रत्येक वाढीव वेढ्याला आकडा साधारण त्याच पटीने वाढताना दिसेल. ऑयलरचे सूत्र न शिकवताही मुले ते शोधून काढतील. आणि पुढच्या वेळी एखादा ट्रक पहाटे किंचाळला, तर क्लीनरचा अंगठा पट्ट्यावर काय वाचतो आहे, हे त्यांना कळेल.