ग्रीवाधमनीतील गुठळी : नाव आणि निदान

मानेच्या दोन्ही अंगांनी मस्तकाकडे जाणाऱ्या धमन्यांस पाश्चात्त्य वैद्यकात ‘कॅरॉटिड’ हे जे नाव मिळाले, ते ‘कारोस’ म्हणजे गाढ गुंगी या ग्रीक शब्दावरून. या धमन्या दाबल्या असता मनुष्य निश्चेष्ट पडतो, हे प्राचीनांनी पाहिले होते. पुढे इफेससच्या रूफसने ही गुंगी धमनीमुळे नव्हे, तर शेजारच्या मज्जातंतूंमुळे येते, असे प्रतिपादिले. त्याचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. परंतु मानेकडे बोट दाखविणारा शब्द तेवढा उरला आणि पक्षाघाताचे कारण शोधणाऱ्यांची दृष्टी मस्तकातच अडकून राहिली. (मराठीतील ‘अर्धांगवायू’ या शब्दाने तर दोष वायूच्याच माथी मारला आहे.)

पुरावा समोर असूनही तो ओळखू येऊ नये, यास कारण होते. टॉमस विलिस याच्या १६६४ सालच्या ग्रंथात एका शवविच्छेदनाची हकीकत आहे. त्या मनुष्याची मानेतील एका बाजूची धमनी बुजलेली होती, तरी हयातीत त्यास पक्षाघात झाला नव्हता. मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या वर्तुळातून रक्त दुसऱ्या वाटेने पोहोचत होते. एकास काहीच होत नाही आणि दुसऱ्याचे अर्धे अंग लुळे पडते, तेव्हा कार्यकारणभाव जुळावा कसा? लिस्बनच्या एगास मोनिझ याने १९२७ मध्ये क्ष-किरणांस अपारदर्शक असे द्रव्य धमनीत टोचून मेंदूतील रक्तवाहिन्यांची चित्रे घेतली आणि १९३७ मध्ये त्याच पद्धतीने जिवंत रोग्यांतील ग्रीवाधमनीची गुठळी दाखविली.

तथापि निर्णायक ठरला तो मॉन्ट्रियलच्या मिलर फिशर याचा १९५१ चा निबंध. फिशरने यंत्रापेक्षा रोग्यांच्या सांगण्याकडे अधिक लक्ष दिले. पक्षाघातापूर्वी कधी एका डोळ्यापुढे काही क्षण अंधारी येते, कधी विरुद्ध बाजूचा हात बधिर होतो आणि पुन्हा सारे पूर्ववत होते. या पूर्वसूचनांचा संबंध त्याने मानेत धमनीस जेथे फाटे फुटतात तेथील विकाराशी जोडला.

१९५३ मध्ये ह्यूस्टन येथे मायकेल डीबेकी याने त्या ठिकाणचा थर सोलून काढला. १९५४ मध्ये लंडनला ईस्टकॉट व त्याच्या सहकाऱ्यांनी विकृत भाग कापून धमनीची टोके जोडली. पहिला मान कोणाचा, हा वाद फारसा फलदायी नाही. शस्त्रक्रियेची उपयुक्तता सिद्ध व्हावयास १९९१ साल उजाडले. पूर्वसूचना मिळालेल्या व धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्या रोग्यांपैकी, उत्तर अमेरिकेतील चाचणीत, केवळ औषधे घेणाऱ्या २६ टक्क्यांस दोन वर्षांत त्या बाजूच्या धमनीमुळे पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. पूर्णपणे बुजलेली धमनी मात्र आजही सहसा उघडली जात नाही. ध्वनिलहरींच्या यंत्राने मानेची तपासणी करावयाची, ती त्यापूर्वीच.