मॉरिशसची तार आणि मॉरिशसचा मजूर

मागच्या पावसाळ्यात शनिवार पेठेतील आमच्या कचेरीत एक तरुण आला. आमची कचेरी म्हणजे जुन्या वाड्यातील माडीवरची एक खोली. तेथे जिना चढून येणारा माणूस बहुधा बडतर्फीचा कागद घेऊन येतो. ह्याच्याजवळ मात्र खापरपणजोबांचा कागद होता. मुलगा मॉरिशसचा, पुण्यात शिकायला आलेला. आडनाव अस्सल मराठी, बोलणे तुटक. घरी ते क्रिओल बोलतात. कागद त्याच्या आईने तिकडून मोबाइलवर धाडला होता, आणि खिडकीशी उभा राहून तो तिच्याशी असा बोलत होता, की बाई जणू नारायण पेठेतच राहतात. तेव्हाच आमच्या मनाने घेतले, की हा आवाज जातो कसा आणि ही वाट कोणी, कोणासाठी घातली, ते एकदा पाहावे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही ते नगर वाचन मंदिराने शिकविले. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

मॉरिशस हा देश लहान. आपल्या पुणे जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्याएवढी जमीन आणि साडेबारा लाखांच्या आसपास वस्ती. 1834 सालापासून 1910 पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे कराराने तेथील उसाच्या मळ्यांवर नेली गेली. 'ॲग्रीमेंट' ह्या शब्दाचे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. आपल्याकडे गिरमिट हे सुताराचे भोक पाडण्याचे हत्यार, आणि शब्दाचा अपभ्रंश झाला तरी अर्थ काही फार चुकला असे आम्हांला वाटत नाही. बहुसंख्य मजूर बिहारकडचे व मद्रासकडचे. पण रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर ह्या भागांतूनही कुळेच्या कुळे मुंबई बंदरातून गेली. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये व शिधा. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापीत. ह्याला 'डबल कट' असे नाव होते. हे नाव लक्षात असू द्यावे, पुढे लागणार आहे.

गेलेल्या माणसाची खबर घरी येई ती जहाजाने, आणि तीही कोणी लिहून देणारा भेटला तर. त्याच काळात समुद्राच्या तळाने तारा पडू लागल्या होत्या. 1870 साली 'ग्रेट ईस्टर्न' ह्या अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनकडे तार सोडली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई थेट विलायतेशी बोलू लागली. आत तांब्याची तार आणि तिच्यावर गटापर्चा नावाचा चीक. हा चीक मलायाच्या जंगलातील झाडांचा, आणि तो झाड पाडूनच काढीत. किती जंगल त्या तारांखाली गेले, ह्याचा हिशेब कंपन्यांच्या वहीत कोठे मांडला असेल काय, अशी शंका आम्हांला येते.

मॉरिशसला मात्र तार नव्हती. 29 एप्रिल 1892 रोजी तेथे भयंकर वादळ झाले, हजारावर माणसे मेली, आणि ही वार्ता बाहेर जाण्यास जहाजावाचून मार्ग नव्हता. पुढच्याच वर्षी, 1893 साली, झांजीबारहून सेशेल्समार्गे तार मॉरिशसला पोचली. परंतु तारेचा आकार शब्दागणिक. साखरेच्या दलालाला तो परवडे, गव्हर्नरसाहेबाच्या कचेरीला परवडे. कोकणातल्या म्हातारीला 'मी जिवंत आहे' एवढे कळविणे मळ्यावरच्या मजुराला परवडणारे नव्हते. 1943 साली, ती तार पन्नास वर्षांची झाली असताना, बेल व्ह्यू हारेल येथील संपकरी मजुरांवर गोळीबार झाला. चौघे ठार झाले, त्यांत अंजलाय कुपेन ही गर्भवती बाई होती. हे वृत्त लंडनला जाण्यास तार होती. मेलेल्यांच्या वाडवडिलांच्या गावी ते जाण्यास काहीच नव्हते.

12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला. नंतरची कित्येक वर्षे बाहेरचे बोलणे मुख्यतः उपग्रहावरून चाले. छत्तीस हजार किलोमीटर वर जायचे आणि तितकेच खाली यायचे, म्हणून प्रत्येक वाक्याला क्षणभर खोळंबा. 2002 साली 'सेफ' नावाची केबल सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेतून निघून रियुनियन, मॉरिशस, आपले कोची करीत ती मलेशियात पेनांगला जाते. मॉरिशसमध्ये ती दक्षिण किनाऱ्यावर बे जाकोते येथे वर येते. आत केसासारखे काचेचे तंतू आणि त्यांतून प्रकाशाची उघडझाप. उजेड मंदावतो म्हणून वाटेत ठरावीक अंतरावर त्याला बळ देणारी यंत्रे असतात आणि त्यांना वीज किनाऱ्यावरून पुरवतात. खोल पाण्यात ही केबल बागेला पाणी घालण्याच्या नळीएवढी. किनाऱ्याजवळ मात्र तिला पोलादी तारांचे चिलखत घालतात, कारण जहाजांचे नांगर आणि कोळ्यांची जाळी हेच तिचे मोठे वैरी. तुटली म्हणजे खास जहाज येऊन गळाने तिची टोके वर ओढते आणि डेकवर काच काचेला सांधते. 2009 पर्यंत सगळ्या देशाची भिस्त ह्या एका केबलवर होती. त्याच देशाच्या रॉड्रिग्ज बेटाला तर केबल मिळायला 2019 उजाडले.

केबल आली आणि एबेन येथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. बेटावर फ्रेंच बहुतेकांना येते, म्हणून पॅरिसच्या गिऱ्हाइकांचे फोन तेथील मुलेमुली घेऊ लागली. पॅरिसचे घड्याळ दोन-तीन तास मागे, तेव्हा पाळीही त्या घड्याळाची. पूर्वी श्रम हवे तर माणूसच जहाजात घालावा लागे. आता माणूस घरीच राहतो आणि त्याचे श्रम तेवढे समुद्रापार जातात. बायको-मुले तुटत नाहीत, हा लाभ लहान नव्हे, आणि तो नाकारणारा आमच्या मते अप्रामाणिक. पण मळ्यावर मुकादम निदान दिसत तरी होता. पुण्याच्या एका अशाच कंपनीच्या दारात आम्ही रात्री दोन वाजता पत्रके वाटली आहेत. जागेवरून पाच मिनिटे उठले तर अर्ध्या तासाचा पगार कापला जातो, अशी तेथल्या मुलींची तक्रार होती. आम्ही व्यवस्थापकाकडे गेलो, तर तो म्हणाला, नियम तिकडून येतात. तिकडून म्हणजे कोठून, ते त्यालाही सांगता आले नाही. आम्हांला डबल कट आठवला. ती मागणी आम्ही जिंकलो नाही.

त्या मुलाच्या कागदाचे सांगायचे राहिले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांची जुनी दप्तरे आहेत, त्यांतला हा उतारा. गावाचे नाव कारकुनाने कानी पडले तसे रोमन अक्षरांत लिहिलेले. आम्ही ते मोठ्याने निरनिराळ्या तऱ्हेने वाचू लागलो. सासूच्या तोंडी ते कसे येई, हे त्याच्या आईला अंधूक आठवत होते. पाच वेळा तिने 'नाही' म्हटले. सहाव्या वेळी तिकडून काहीच आवाज येईना. आम्हांला वाटले, लाइन गेली. मग ती काही बोलली आणि मुलाने आम्हांला सांगितले, "आई म्हणते, परत म्हणा."

त्या उच्चाराची दोन गावे रत्नागिरी जिल्ह्यात निघाली. दोन्ही ग्रामपंचायतींना आम्ही पत्रे टाकली. एकीचे उत्तर आले आहे, की त्या आडनावाचे घर आता गावात नाही. दुसरीचे अजून यायचे आहे.