खुराडं: घरचं आणि विकतचं

जून १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये अंडी रेशनवर आली, माणशी आठवड्याला जेमतेम एक. तो हक्क सोडला की कोंबड्यांसाठी खाद्य मिळे. त्यात उकडलेल्या बटाट्याच्या साली कालवायच्या. मग जुन्या फळ्या, खोकी ठोकून परसापरसात खुराडी उभी राहिली. सुबकपणा कुठला! पण घरात अंडी आली.

२००४ मध्ये तिथेच ‘एग्लू’ आलं. डिझाइन शिकलेल्या चौघांनी काढलेलं रंगीत प्लास्टिकचं तयार खुराडं. लाकडाच्या फटींत दिवसा दडून रात्री कोंबड्यांचं रक्त पिणाऱ्या तांबड्या किडीला इथे फारसा थारा नाही. धुतलं की झालं. हा गुण मोठाच. तरी माझं मत फळ्यांना. मोडलं तर खिळा ठोकता येतो, आणि चार कोंबड्यांच्या अंड्यांतून विकतच्या खुराड्याचे पैसे कधी वसूल व्हायचे?

आपल्याकडे तर बांबूचं डालगं पालथं घातलं, वर दगड ठेवला, की झालं!