इंग्लंडांतील अतींद्रिय-संशोधन व कागदाची साक्ष

अतींद्रिय अनुभवांच्या शोधासाठीं युरोपांत ज्या संस्था निघाल्या, त्यांत १८८२ च्या फेब्रुवारींत लंडन येथें स्थापन झालेली ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ ही अग्रगण्य होय. केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक हे तिचे पहिले अध्यक्ष. असे अनुभव खरे कीं खोटे, हा आमचा विषय नाहीं. मंडळाचा पुरावा कसा पारखला गेला, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

१८८६ सालीं गर्नी, मायर्स व पॉडमोर यांचा ‘फँटॅझम्स ऑफ द लिव्हिंग’ हा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यांत ७०२ प्रकरणें आहेत. मरणाच्या सुमारास दूरच्या आप्तांस त्या मनुष्याचें दर्शन घडल्याच्या हकीकती त्यांत पुष्कळ. अनेक साक्षीदारांस समक्ष भेटून त्यांची उलटतपासणीहि घेतलेली होती. परंतु पुढच्याच वर्षीं टेलर इनेस या स्कॉटिश वकिलानें विचारलें: पत्रें कोठें आहेत? दर्शन झाल्यावर परंतु मृत्युवार्ता येण्यापूर्वीं लिहिलेलें, टपालाच्या शिक्क्यानें ज्याचा काळ सिद्ध होतो, असें पत्र त्यास हवें होतें. गर्नी यांनीं उत्तर दिलें. तथापि १८९१ त इनेसनें तेंच आव्हान पुन्हा दिलें. साक्षीदार लबाड होते असें यावरून ठरत नाहीं. पण स्मृति मागाहून कळलेल्या गोष्टींनीं रंगते. नैयायिकांनीं तिला प्रमेंत गणिलें नाहीं, तें उगीच नव्हे.

पुढें १९४१ ते १९४३ या काळांत गणिताध्यापक सोल यांनीं शॅकल्टन नामक गृहस्थावर परचित्तज्ञानाचे प्रयोग केले. पुढें ठेवावयाचें चित्र अंकांच्या यादीवरून ठरे, आणि शॅकल्टन यांनीं तें न पाहतां ओळखावयाचें, अशी योजना होती. हे प्रयोग या शास्त्राचा भक्कम आधार मानले गेले. सोल पुढें मंडळाचे अध्यक्षहि झाले. मूळ कागद आगगाडीच्या प्रवासांत हरवले, असें त्यांचें सांगणें होतें. उरल्या त्या नकला. १९७८ त बेटी मार्कविक यांनीं त्या नकला ताडून पाहिल्या. तेव्हां अंकांच्या कांहीं ओळी दुसरीकडे पुन्हा आलेल्या, मधून मधून जादा अंक घुसडलेले, आणि ‘बरोबर’ उत्तरें बहुतेक त्याच जादा अंकांवर पडलेलीं, असें आढळलें. हा लेख मंडळानें स्वतःच्याच ग्रंथमालेंत छापला.

बखर व अस्सल पत्र यांतील भेद जाणणाऱ्या आमच्या वाचकांस यावर अधिक सांगणें नको. आपल्याच माजी अध्यक्षाविरुद्धचा पुरावा छापणें हें थोड्या मंडळांस साधतें. या एका गोष्टींत तें मंडळ आम्हां सर्व संशोधकांस अनुकरणीय आहे.