बाटलीपासून पापुद्र्यापर्यंत

विद्युत धारित्र, म्हणजेच कपॅसिटर, शिकवताना आपण फळ्यावर दोन समांतर पट्ट्या काढतो, सूत्र लिहितो आणि पुढे जातो. पट्ट्यांमधल्या जागेकडे फारसे लक्ष जात नाही. धारित्राचा इतिहास मात्र मुख्यतः या मधल्या जागेचाच आहे.

१७४५ साली क्लाइस्ट यांना आणि १७४६ साली लायडन येथे मुशेनब्रुक यांना आढळले, की द्रव भरलेली काचेची बाटली वीज साठवते आणि जबर झटका देते. मग वीज पाण्यात साठते का? बेंजामिन फ्रँकलिन यांनी प्रभारित बाटलीतले पाणी दुसऱ्या बाटलीत ओतून पाहिले. तिच्यातून झटका मिळेना. मूळ बाटलीत ताजे पाणी भरताच मात्र ती पुन्हा झटका देऊ लागली! काचेला वगळून चालणार नव्हते.

१८३७ साली फॅरेडे यांनी हे मोजूनच दाखवले. त्यांनी एकात एक बसवलेल्या धातूच्या गोलांच्या दोन सारख्या जोड्या घेतल्या. एकीत हवा ठेवली, तर दुसरीत लाख, गंधक असे पदार्थ भरले. विजेची वाटणी सारखी झाली नाही. पदार्थ भरलेल्या जोडीकडे जास्त वीज गेली. अशा पदार्थांना आपण विद्युत अपारक म्हणतो.

साठणारी ऊर्जा दोन गोष्टींवर ठरते: अपारक स्थिरांक आणि पदार्थाला सोसवणारे विद्युत क्षेत्र. यातला दुसरा घटक वर्गाच्या पटीत मोजला जातो. म्हणून अवघा २.२ स्थिरांक असलेले पॉलिप्रॉपिलीन धारित्रांत टिकून राहिले. ते फार मोठे क्षेत्र सोसते आणि साठवलेली ऊर्जा जवळजवळ सगळी परत देते.

फ्लोरिनयुक्त बहुवारिकांपैकी पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइडचा स्थिरांक १० च्या आसपास असतो. फ्लोरिन अणू इलेक्ट्रॉन स्वतःकडे खेचतो, त्यामुळे साखळीवर धन-ऋण टोकांच्या जोड्या तयार होतात. १९६९ साली जपानमध्ये कावाई यांनी दाखवले, की या पापुद्र्याला ताणून विद्युत क्षेत्रात ठेवले, तर पुढे तो दाबल्यावर वीज देतो. म्हणजे क्षेत्र काढून घेतल्यावरही या जोड्या बऱ्याच अंशी एका दिशेला वळलेल्याच राहतात. हा गुण दाबमापकाला उपकारक, पण साठवणीला मारक. ताणलेले रबर सोडताच मूळ जागी येते. दाबलेली ओली माती तशीच राहते. मातीसारखे वागणारे धारित्र ऊर्जा घेते, पण पुरती परत देत नाही. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते.

उपाय निघाला तो शिस्त मोडण्याचा. १९९८ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात अशा एका सहबहुवारिकावर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यातले मोठे सुव्यवस्थित पट्टे तोडले गेले. २००६ साली तेथेच साखळीत क्लोरिनचे मोठे अणू गुंफून घन सेंटिमीटरला १७ ज्यूल ऊर्जा साठवल्याचे प्रसिद्ध झाले. बाजारातल्या पॉलिप्रॉपिलीन धारित्रांत ती १ ते २ ज्यूल असे. दुसरा मार्ग मिश्रणाचा. पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट, म्हणजे अ‍ॅक्रिलिक काच, या बहुवारिकात एकजीव मिसळते. स्थिरांक घटतो, पण नासाडीही घटते.

एक प्रश्न अजून सुटायचा आहे. फ्लोरिनची संयुगे निसर्गात दीर्घकाळ टिकतात. २०२३ साली पाच युरोपीय देशांनी त्यांच्या एका मोठ्या गटावर निर्बंध सुचवले, त्यात ही बहुवारिकेही येतात.

वर्गात एवढे जरूर विचारावे: ‘‘किती साठले?’’ आणि लगेच, ‘‘त्यातले परत किती मिळाले?’’