उरवड्याची आग

१९८४ च्या भोपाळ येथील वायुकांडानंतर, सन १९८७ मध्यें, कारखान्यांच्या कायद्यांत एक मोलाचें कलम आलें: धोक्याचीं द्रव्यें हाताळणाऱ्या मालकानें त्यांपासूनचें भय कामगारांस व शेजारच्या वस्तीस सांगितलेंच पाहिजे.

आतां आपल्या पुण्याजवळचें, मुळशी तालुक्यांतील उरवडें पाहा. तेथील एस. व्ही. एस. अ‍ॅक्वा टेक्नॉलॉजीज या कारखान्यास ७ जून २०२१ रोजीं दुपारीं आग लागली आणि १७ कामगार मृत्युमुखीं पडले. त्यांत बहुतेक स्त्रिया. माल कोणता, तर पाणी निर्जंतुक करणारें क्लोरीन डायॉक्साइड! या जातीचीं द्रव्यें जळाऊ वस्तूस प्राणवायु पुरवितात. ठिणगीचा डोंब होण्यास क्षण पुरतो. (प्राणवायूच्या नळींत विझती काडी पेटते, हा प्रयोग आपण सर्वांनीं शाळेंत पाहिला असेल.) तेथें राबणाऱ्या त्या बायांना हें कोणीं समजावून दिलें होतें काय? धूर कोंडला, वाट सांपडेना. शेवटीं भिंत फोडावी लागली. ससून रुग्णालयांत आणलेले देह ओळखूं येईनात. नातलगांचे नमुने घेऊन, जनुकीय चांचणीनें ताडून, मग एकेकीचें नांव ठरलें.